ओव्हलवर धावणाऱ्या इंडीकारची पडद्यामागची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या टप्प्यात, भारतात रात्रीचे सव्वादहा वाजत असताना, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 'इंडियानापोलिस ५००' या शर्यतीसाठी ३३ इंडीकार, म्हणजे उघड्या चाकांच्या, एका चालकाच्या शर्यतीच्या गाड्या, हिरव्या निशाणाखालून सुटतात. शर्यत पाहणाऱ्या मराठी मित्रमंडळींकडून जे प्रश्न सतत येतात, ते बहुतेक वेळा चालकांविषयी असतात. परंतु या गाड्या ज्यांनी हिवाळाभर घासून, मोजून, उघडून आणि पुन्हा जोडून तयार केलेल्या असतात, त्यांच्या कामाविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि माझ्या मते ओव्हलवरील, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरील, शर्यतीचा मोठा भाग त्याच कामात जिंकला किंवा हरला जातो. म्हणून खालील सर्व प्रश्न त्या कामापुरतेच ठेवले आहेत.

ओव्हल म्हणजे केवळ गोल गोल फिरणे आहे, तर त्यात अवघड ते काय?

इंडियानापोलिस मोटर स्पीडवे हा १९०९ साली बांधलेला ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे ४.०२ किलोमीटरचा आहे. त्याचा आकार खरे तर कोपरे गोलसर केलेल्या आयतासारखा आहे. प्रत्येकी पाव मैलाची चार वळणे, प्रत्येकी ५/८ मैलाचे दोन लांब सरळ भाग आणि प्रत्येकी १/८ मैलाचे दोन आखूड सरळ भाग अशी त्याची रचना असून वळणांचा आतल्या बाजूला असलेला उतार अवघा ९ अंश १२ मिनिटे आहे. शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे ५०० मैलांची असते.

पाव मैलात गाडी ९० अंश वळते याचा अर्थ वळणाची त्रिज्या सुमारे २५६ मीटर येते. पात्रता फेरीत (शर्यतीतील सुरुवातीचे स्थान ठरवण्यासाठी गाडी एकटीच ट्रॅकला चार फेऱ्या मारते, ती ही फेरी) ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने हे वळण घेताना गुरुत्वाकर्षणाच्या साधारण चौपट बल आडवे लागते, आणि चालक बऱ्याचदा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतच नाही. रस्त्यासारख्या वळणावळणांच्या ट्रॅकवर गाडीचा दोष ब्रेकने किंवा चालकाच्या कौशल्याने थोडाफार झाकता येतो. या ओव्हलवर मात्र वळणात ब्रेक वापरलाच जात नाही, त्यामुळे गाडीत मुरलेली प्रत्येक चूक चारही वळणांत, प्रत्येक फेरीत, तशीच्या तशी समोर येते. तयारी निर्णायक ठरते ती यामुळेच.

सगळ्यांना एकाच कंपनीची गाडी मिळते, मग तयारीने फरक कसा पडतो?

इंडीकार मालिकेत २०१२ पासून सर्व संघ इटलीतील डल्लारा कंपनीची एकच मूळ चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वापरतात. तिच्या विकासासाठी चाचण्या घेणारे चालक डॅन व्हेल्डन यांचा ऑक्टोबर २०११ मध्ये लास व्हेगास येथील ओव्हलवर मृत्यू झाला आणि त्यांच्या स्मरणार्थ तिला डीडब्ल्यू १२ हे नाव मिळाले. इंजिन होंडा किंवा शेव्हरोले यांचे, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, टायर फायरस्टोनचे. २०१८ पासून बाहेरचे अंगही सर्वांना सारखेच आहे. सुटे भाग वाटेल तसे बदलण्याची मुभा नाही. प्रामुख्याने शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे डॅम्परच्या आतील रचना, हा संघांच्या स्वतःच्या संशोधनाचा मुख्य प्रांत राहिला आहे.

आता २०२३ च्या पात्रता फेरीचे उदाहरण पाहू. पहिल्या स्थानावरील ॲलेक्स पालो यांची चार फेऱ्यांची सरासरी ताशी २३४.२१७ मैल होती आणि दुसऱ्या स्थानावरील रिनस व्हीके यांची २३४.२११ मैल. दहा मैलांच्या अंतरात हा फरक सुमारे ०.००४ सेकंदांचा होतो. पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या फरकात एखादा किंचित जड फिरणारा बेअरिंग, बाह्य अंगाच्या सांध्यातील केसभर उंचवटा किंवा डिस्कला हलकेच घासणारे ब्रेक पॅड निकाल बदलू शकतात. सर्वांना सारखेच भाग मिळतात, म्हणूनच ते किती काळजीने जोडले गेले हा एकच मोठा फरक शिल्लक राहतो.

अनुभव नेहमीच सर्वांत वर राहतो असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये या मालिकेत नव्याने उतरलेल्या प्रेमा संघाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमन या नवख्या चालकाने २३२.७९० मैलांच्या सरासरीने पहिले स्थान मिळवले. नवख्या चालकाने हे करण्याची ही १९८३ नंतरची पहिलीच वेळ होती.

गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी का नसते?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

गाडी फक्त डावीकडेच वळणार असेल, तर तिला उजवीकडे वळण्यासाठी तयार ठेवणे म्हणजे अर्धी ताकद वाया घालवणे होय. जमिनीवर उभी असलेली ओव्हलची गाडी समोरून नीट पाहिली, तर चारही चाकांचे माथे गाडीच्या डाव्या बाजूकडे झुकलेले दिसतात. उजवी चाके आत कललेली असतात आणि डावी बाहेर. वळणात सारा भार उजव्या बाजूवर आल्यावर टायरची जास्तीत जास्त रुंदी जमिनीला टेकावी, हा त्यामागचा हेतू असतो. सरळ रस्त्यावर ही ठेवण विचित्र दिसते, परंतु वळणात शिरल्यावर तिचा अर्थ कळतो.

दुसरी गोष्ट टायरच्या व्यासाची. एका फेरीत गाडी पूर्ण ३६० अंश फिरते. उजव्या आणि डाव्या चाकांमधील अंतर १.६५ मीटर धरले, तर ट्रॅकचा आकार कसाही असो, उजवे चाक प्रत्येक फेरीत डाव्यापेक्षा सुमारे १०.४ मीटर जास्त चालते. २०० फेऱ्यांत हा फरक दोन किलोमीटरहून अधिक होतो. साध्या मोटारीत हा फरक डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, सांभाळून घेते. ओव्हलवर मात्र मागची दोन्ही चाके स्पूल नावाच्या भागाने एकमेकांना घट्ट जोडलेली असतात, म्हणजे दोन्ही एकाच गतीने फिरतात. मग उजव्या टायरचा व्यासच डाव्यापेक्षा थोडा मोठा ठेवला जातो. यालाच स्टॅगर म्हणतात. चहाचा कागदी कप आडवा करून लोटला तर तो आपोआप वर्तुळात फिरतो, तेच तत्त्व येथे आहे. २५६ मीटर त्रिज्येसाठी निव्वळ भूमितीने हिशेब केला, तर ७०० मिलिमीटर व्यासाच्या टायरमध्ये हा फरक सुमारे साडेचार मिलिमीटरचा येतो. प्रत्यक्षात किती ठेवायचा हा तडजोडीचा विषय असतो, कारण सरळ भागात तोच स्टॅगर गाडीला डावीकडे ओढतो आणि चालकाला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट वजनाच्या वाटणीची. गाडी एका अगदी सपाट पाटावर उभी केली जाते, चारही चाकांखाली स्वतंत्र वजनकाटे असतात, आणि चालकाच्या वजनाइतका भार आसनात ठेवून प्रत्येक चाकावर किती किलो येतात हे नोंदवले जाते. समोरचे उजवे आणि मागचे डावे या तिरक्या जोडीवर एकूण वजनाचा किती वाटा आहे, यावर गाडी वळणात पुढून घसरणार की मागून, हे बऱ्याच अंशी ठरते. एका स्प्रिंगची बैठक थोडी फिरवली की चारही काट्यांवरील आकडे बदलतात. चारपाईचा एक पाय उंच केला की कोणता पाय अधांतरी होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच समजेल.

ही असमान रचना नवी नाही. १९६५ मध्ये जिम क्लार्क यांनी इंडियानापोलिस जिंकले ते लोटस ३८ मधून. त्या गाडीचे संपूर्ण धड चाकांच्या तुलनेत डावीकडे सरकवलेले होते.

एकदा शर्यत सुरू झाली की या ठेवणीत बदल करता येतो का?

काही प्रमाणात करता येतो. चालकाच्या हाताशी पुढच्या आणि मागच्या अँटी-रोल बारचे, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याचे, नियंत्रण असते. त्याशिवाय वेट जॅकर नावाची हायड्रॉलिक यंत्रणा असते, जी मागच्या उजव्या स्प्रिंगवरील दाब कमीजास्त करून वर सांगितलेले तिरके वजन बदलते. इंधन जळून गाडी हलकी होते, टायर झिजतात, सूर्य ढगाआड जातो आणि ट्रॅक थंड होतो. या प्रत्येक बदलासाठी चालक या तीन साधनांशी सतत खेळत असतो. पिटमध्ये, म्हणजे टायर आणि इंधनासाठी थांबण्याच्या जागेत, थांबल्यावर पुढच्या विंगचा, म्हणजे हवेच्या जोराने गाडीला जमिनीकडे दाबणाऱ्या पंखाचा, कोन फिरवणे आणि पुढील टायर संचातील हवेचा दाब बदलणे, हे दोन उपाय आणखी असतात. यापलीकडचे सारे गॅरेजमध्येच ठरलेले असते.

हवेच्या अवरोधासाठी संघ नेमके काय करतात? विंग तर सर्वांच्या सारख्याच असतात.

इंडियानापोलिससाठीच्या विंग आकाराने लहान असतात आणि मागची विंग कित्येकदा ऋण कोनात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने झुकवलेली असते. गाडी जमिनीला चिकटवून ठेवणारे बल मुख्यतः खालच्या तळातून मिळवायचे आणि विंगमुळे होणारा अवरोध शक्य तितका कमी करायचा, असा हा हिशेब आहे.

पण विंगचा कोन कोणालाही बदलता येतो. खरे कष्ट अंगावरील सांध्यांत जातात. गाडीचे बाह्य अंग कार्बन फायबरच्या अनेक तुकड्यांचे असते, आणि साच्यातून निघालेले दोन तुकडे कधीच अगदी एकसारखे नसतात. नियम मोडू न देता हे तुकडे एकमेकांशी इतके जुळवायचे की सांध्यावरून नख फिरवले तर ते अडकता कामा नये. रंगाचा थर किती जाड आहे, स्टिकरची कड उचललेली आहे का, स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या वर आले आहे का, हे सर्व पाहिले जाते. काही संघ ५०० मैलांच्या शर्यतीची गाडी वेगळीच ठेवतात. ती रस्त्यांवरील शर्यतीत धावत नाही, आणि तिच्या अंगावर महिनोन्महिने काम चालते. घरातील ठेवणीतले भांडे जसे सणाला काढतात, तशी ती मे महिन्यात बाहेर येते.

२०२० पासून चालकासमोर एअरोस्क्रीन ही पारदर्शक ढाल आली. तिच्यामुळे चालकाचे डोके सुरक्षित झाले, परंतु गाडीच्या वरच्या भागात वजन वाढले आणि मागच्या विंगकडे जाणारी हवा बदलली. सर्व संघांना आपले आकडे नव्याने मांडावे लागले. माझ्या मते ही किंमत अगदी योग्य होती.

घर्षण कमी करणे म्हणजे प्रत्यक्षात काय काम असते?

मे महिन्यातील एका दुपारी मी गॅसोलीन ॲली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गॅरेजांच्या रांगेत एका उघड्या दारासमोर बराच वेळ उभा होतो. गाडी ठोकळ्यांवर होती, चाके काढलेली होती. एक मध्यमवयीन मेकॅनिक मागच्या उजव्या हबसमोर (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) मांडी घालून बसला होता. त्याने एका बोटाने हब फिरवला, कान जवळ नेला आणि तो थांबेपर्यंत हललाही नाही. मग पातळ पट्टीने ब्रेक पॅड आणि डिस्क यांमधील फट मोजली, पॅड किंचित मागे ढकलले आणि हब पुन्हा फिरवला. या वेळी तो जास्त वेळ फिरला. त्याने हाताच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या पांढऱ्या टेपवर एक आकडा लिहिला आणि पुन्हा तेच सुरू केले. मी निघालो तेव्हा त्याचे एकच चाक पूर्ण झाले होते.

इंडियानापोलिसच्या ओव्हलवर ब्रेकचा उपयोग मुख्यतः पिटमध्ये येतानाच होतो, त्यामुळे पॅड डिस्कपासून पूर्ण दूर राहणे हिताचे असते. मात्र फट जास्त झाली तर पेडल पहिल्यांदा दाबल्यावर ब्रेक लागतच नाही, म्हणून चालकाने पिटच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी डाव्या पायाने पेडल एक-दोनदा हलकेच दाबून पॅड जवळ आणायचे असतात. याखेरीज बेअरिंगमधील ग्रीसचे प्रमाण, सीलची पकड, गिअरबॉक्समधील तेलाची जाडी आणि दातांची सफाई अशा जागोजागी थोडा थोडा विरोध काढून टाकला जातो. यातील एकही सुधारणा एकटी मोजता येईल इतकी मोठी नसते. त्या सर्वांची बेरीज मात्र पात्रता फेरीच्या आकड्यात दिसते.

नियमांची रेघ कोठे असते? २०२५ मध्ये काय घडले होते?

१८ मे २०२५ रोजी, पहिल्या १२ स्थानांसाठीच्या पात्रता फेरीपूर्वी, टीम पेन्स्केच्या जोसेफ न्यूगार्डन आणि विल पॉवर यांच्या गाड्यांच्या मागील अटेन्युएटरमध्ये बदल आढळला. अटेन्युएटर हा गाडीच्या शेपटाशी असलेला, मागून धडक बसल्यास आघात शोषून घेणारा भाग होय, आणि तो पुरवठादाराकडून येतो तसाच वापरावा असा नियम आहे. या दोन गाड्यांवर त्यावरील सांधा भरून गुळगुळीत केलेला होता. दोन्ही चालकांना रांगेच्या अखेरीस, ३२ व्या आणि ३३ व्या स्थानावर, पाठवण्यात आले, आणि काही दिवसांतच संघाने आपल्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले.

वरील उत्तरांत सांध्यावर नख फिरवण्याची गोष्ट मी कौतुकाने सांगितली, म्हणून ही बाजूही स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जुळवणी करण्यास परवानगी असलेला सांधा कोणता आणि हात लावू नये असा सांधा कोणता, हे नियमपुस्तिकेत लिहिलेले असते. सुरक्षेसाठी असलेल्या भागाशी छेडछाड करणे हे तयारीच्या कौशल्यात मोडत नाही, मग त्यातून मिळणारा वेग कितीही नगण्य असो.

इंजिन कोण तयार करते?

२.२ लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही ६ इंजिन कंपनीकडून सीलबंद येते आणि संघाला ते उघडता येत नाही. संघाचे काम ते नीट बसवणे, त्याला योग्य तापमानात ठेवणे आणि त्याची माहिती वाचणे एवढेच असते. इंडियानापोलिसमध्ये शर्यतीसाठी टर्बोचा दाब १.३ बार असतो आणि पात्रता फेरीसाठी तो १.५ बारपर्यंत वाढवला जातो, ज्यामुळे शंभराच्या आसपास अश्वशक्तीची भर पडते. जुलै २०२४ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील जागेत सुपरकपॅसिटरवर (वीज झटपट साठवून झटपट सोडणारे उपकरण) चालणारी हायब्रिड यंत्रणा बसवली गेली. इंडियानापोलिस ५०० मध्ये ती प्रथम २०२५ साली धावली. मागच्या भागातील वाढलेल्या या वजनामुळे अनेक संघांना आपली जुनी आकडेवारी बाजूला ठेवावी लागली.

सहा गिअर असताना ओव्हलवर गिअर बदलण्याची गरज काय?

वाऱ्यासाठी. चौथा, पाचवा आणि सहावा गिअर एकमेकांच्या अगदी जवळचे निवडले जातात, म्हणजे एका सरळ भागात वारा समोरून आणि दुसऱ्या भागात पाठीमागून असला तरी इंजिन आपल्या सोयीच्या गतीतच राहते. पुढच्या गाडीच्या ओढीत, म्हणजे तिच्या मागच्या कमी अवरोधाच्या हवेत, शिरल्यावरही वरचा गिअर लागतो. कोणत्या दातांचा संच बसवायचा हे वाऱ्याच्या अंदाजावर ठरते, आणि अंदाज चुकला तर सरळ भागाच्या अखेरीस इंजिन आपल्या कमाल गतीला आपटत राहते.

पात्रता फेरीची गाडी आणि शर्यतीची गाडी यांत काय फरक असतो?

पात्रता फेरीत गाडी एकटी धावते. चार फेऱ्या, दहा मैल, साधारण दोन मिनिटे चौतीस सेकंद. इंधन मोजकेच, विंग शक्य तितकी सपाट, आणि थंड हवा आत घेणारी तोंडे अवरोध कमी करण्यासाठी शक्य तेवढी झाकलेली. एवढ्या थोड्या वेळात इंजिन तापून निकामी होणार नाही, हा त्यामागचा हिशेब. सकाळी ट्रॅक थंड असताना पकड चांगली मिळते, म्हणून आदल्या दिवशीच्या चिठ्ठीत लवकरचा क्रमांक निघणे हे मोठे भाग्य मानले जाते. १९९६ मध्ये आरी लायंडाइक यांनी नोंदवलेली २३६.९८६ मैलांची चार फेऱ्यांची सरासरी अजून मोडलेली नाही.

शर्यतीतील परिस्थिती याच्या अगदी उलट असते. पुढे दहा-पंधरा गाड्या असताना हवा घुसळलेली असते, पुढच्या विंगचे बल कमी होते आणि गाडी वळणात बाहेरच्या भिंतीकडे सरकू लागते. त्यामुळे एकटी असताना अत्यंत वेगवान असलेली गाडी गर्दीत निरुपयोगी ठरू शकते. पात्रता फेऱ्या रविवारी संपतात, आणि लगेच सोमवारी शर्यतीच्या ठेवणीत सराव होतो. माझ्या अनुभवाने, कोणाची गाडी खरोखर तयार आहे हे ओळखण्यासाठी तो सोमवारच पाहावा.

अपघात झाला तर किती वेळात गाडी पुन्हा उभी राहते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१९ चे आहे. शुक्रवारच्या सरावात हुंकोस या छोट्या संघाच्या काइल कायझर यांची गाडी भिंतीवर आदळली. संघाने रात्रीचा दिवस करून पर्यायी गाडी जोडली आणि रविवारी कायझर यांनी २२७.३७२ मैलांची सरासरी नोंदवली. त्यांच्यामुळे शर्यतीबाहेर गेले ते दोन वेळचे फॉर्म्युला वन विश्वविजेते फर्नांडो अलोन्सो. त्यांची सरासरी होती २२७.३५३, म्हणजे दहा मैलांत सुमारे ०.०१३ सेकंदांचा फरक.

अलोन्सो यांची गाडी मॅक्लारेनची होती, आणि काय चुकले हे त्या कंपनीचे प्रमुख झॅक ब्राउन यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. एप्रिलच्या चाचणीसाठी स्टिअरिंग व्हीलच वेळेवर तयार नव्हते. पर्यायी गाडीचा रंग नेमका जुळला नाही म्हणून ती पुन्हा रंगवायला गेली, आणि सरावातील अपघातानंतर ती हवी होती तेव्हा ती ट्रॅकपासून दूर होती. शेवटच्या दिवशी ऐनवेळी मिळालेल्या नव्या ठेवणीतील आकडे इंचांतून मेट्रिकमध्ये बदलताना चूक झाली आणि गाडी जमिनीला घासू लागली. गिअरची निवडही पुरेशा वेगासाठी केलेली नव्हती.

ज्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केले आहे, त्यांना ही चूक लगेच ओळखीची वाटेल. आपल्याकडे एकाच टेबलावर कोणी सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलतो, कोणी थाऊमध्ये (इंचाचा हजारावा भाग) आणि ड्रॉइंग मात्र मिलिमीटरमध्ये असते. आकड्यासोबत एकक लिहिणे ही बारीकसारीक शिस्त नाही, तर कामाचा पाया आहे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना ही गोष्ट सांगूनच शिकवतो.

सुटा भाग किती दिवस वापरायचा हे कसे ठरते?

सस्पेन्शनच्या प्रत्येक दांड्याला, प्रत्येक अपराइटला (हब ज्यात बसतो तो भाग) आणि चाकाच्या प्रत्येक नटाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो किती मैल धावला याची नोंद ठेवली जाते. ठरलेले मैल पूर्ण झाले की भाग दिसायला नवा असला तरी काढून टाकला जातो. मधल्या काळात धातूचे भाग रासायनिक रंगाने किंवा चुंबकीय चूर्णाने तपासले जातात. यातील रंगाच्या तपासणीलाच आपल्या कारखान्यांत डीपी टेस्ट म्हणतात. डोळ्यांना न दिसणारी चीर ताशी ३७० किलोमीटर वेगाने दिसू लागली तर त्याचे परिणाम काय होतील, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नोंदवही लिहिणारा माणूस संघातील सर्वांत दुर्लक्षित असतो, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा.

पिट स्टॉपची तयारी वेगळी असते का?

होय. गाडीत हवेच्या दाबावर चालणारे जॅक आतच बसवलेले असतात. बाहेरून नळी लावली की गाडी उचलली जाते. प्रत्येक चाकाला एकच नट असतो. चार जण टायर बदलतात, एक जण इंधन भरतो आणि एक जण जॅकची नळी सांभाळतो. टाकी १८.५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ७० लिटरची, आणि २०२३ पासून इंधन पूर्णपणे नूतनीकरणक्षम स्रोतांपासून बनवलेले असते.

यातील दडलेले काम चाकाच्या नटाशी असते. नट आणि ॲक्सलचे आटे प्रत्येक वेळी घासून स्वच्छ केले जातात, त्यांना ठरावीक ग्रीस लावले जाते, आणि नट पहिल्या झटक्यात सरळ बसतो की नाही हे हाताने फिरवून तपासले जाते. थांबा आठ सेकंदांचा झाला की दहाचा, हे पाहणाऱ्याला मेकॅनिकच्या चपळाईचे वाटते. बऱ्याचदा ते आदल्या रात्री साफ केलेल्या आट्यांवर ठरलेले असते.

हे काम करणारे मेकॅनिक कधी लोकांसमोर येतात का?

एकेकाळी ते गाडीतच बसत असत. १९११ च्या पहिल्या शर्यतीत बहुतेक गाड्यांत चालकाशेजारी मेकॅनिक असे. विजेते रे हॅरून मात्र एकटेच होते आणि मागचे दिसावे म्हणून त्यांनी आरसा लावला होता. पुढे काही काळ मेकॅनिक बरोबर असणे सक्तीचे होते आणि १९३७ नंतर ही प्रथा बंद झाली. आज त्यांना एकत्रितपणे पाहायचे असेल, तर शर्यतीपूर्वीच्या शुक्रवारी, कार्ब डेला, होणारी पिट स्टॉप स्पर्धा पाहावी. ती १९७७ पासून होते. कार्ब डे हे नाव कार्बोरेटर जुळवण्याच्या शेवटच्या दिवसावरून पडले. कार्बोरेटर केव्हाच गेले, नाव राहिले.

भारतात राहून या कामाचा अनुभव घेता येईल का?

ओव्हलवरील खुल्या चाकांच्या शर्यती आपल्याकडे होत नाहीत. मात्र फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धेसाठी पुणे आणि मुंबईतील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः गाडी बांधतात, आणि चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून तिरके वजन जुळवण्याचे काम तेथेही तसेच करावे लागते. विद्यार्थ्यांना माझा आग्रह असा असतो की कॉम्प्युटरवरील आराखड्याइतकाच वेळ पाना हातात घेऊन घालवा.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात गाडीचे काय होते?

पात्रता मिळाल्यावर आणि सोमवारचा सराव आटोपल्यावर गाडी जवळपास पूर्ण उघडली जाते. गिअरबॉक्स, बेअरिंग, ब्रेक, दांडे यांपैकी बहुतेक भाग नव्याने किंवा तपासून बसवले जातात. शुक्रवारच्या छोट्या सरावात काही गळते का, काही सैल होते का, एवढेच पाहायचे असते. त्यानंतर शनिवारी प्रत्येक नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासला जातो, तपासलेल्या नटावर रंगाची बारीक रेघ ओढली जाते, आणि ती रेघ एका माणसाने ओढली असेल तर दुसरा माणूस ती यादीशी ताडून पाहतो. रविवारी सकाळी गाडी इंजिन बंद ठेवून, हातांनी ढकलत, गॅसोलीन ॲलीतून ट्रॅकवर नेली जाते. त्या वेळी चालक बहुधा तेथे नसतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिचे मेकॅनिक चालत असतात.